अंतर भूगोलाचं, वेळ इतिहासाचा: नांदेड ते अमृतसर



सिद्धेश्वरसारख्या गावात विमान दिसतं ते फक्त आभाळात. तिथं दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ या विषयावर व्याख्यान ठेवावं, असं संयोजकांना वाटलं. त्यांच्या या धाडसाचं मी आधी कौतुक करतो. माझा स्वतःचा विषय तत्त्वज्ञान. विमानशास्त्रातलं मला तुमच्याइतकंच कळतं. पण 'दूर' म्हणजे काय, हा प्रश्न मात्र आमच्याच दुकानातला आहे आणि तो फार जुना आहे.

मोबाईलवर दोन विमानतळांची नावं टाकली की दोन आकडे समोर येतात. एक किलोमीटरचा, दुसरा तासांचा. आपण दोन्ही एकाच नजरेनं वाचतो आणि मनात धरून चालतो की दुसरा आकडा पहिल्यातून निघाला. अंतर भागिले वेग बरोबर वेळ, हे सातवीच्या पुस्तकातलं गणित. आज मला एवढंच दाखवायचं आहे की हे गणित अपुरं आहे. अंतराचा आकडा भूगोल देतो, पण वेळेचा आकडा इतिहास देतो. म्हणून पहिला आकडा बदलत नाही आणि दुसरा सारखा बदलत राहतो. कधी कमी होतो, कधी वाढतोसुद्धा.

उदाहरणासाठी न्यूयॉर्क किंवा सिडनी घेता आलं असतं. पण आपल्या दारातली एक जोडी आहे, नांदेड आणि अमृतसर. नांदेडचा विमानतळ इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. अमृतसरच्या विमानतळावर उतरलं की गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान गाडीनं तास-दीड तासावर. आणि घुमानचा आणि आपल्या हिंगोली जिल्ह्याचा संबंध मी या सभेत सांगायला नको. परंपरा नामदेवांचं जन्मगाव म्हणून आपल्या नर्सीचं नाव घेते. विद्वानांत त्याबद्दल वाद आहेत, ते असू देत. घुमानची माणसं नर्सीला येतात आणि नर्सीची घुमानला जातात, हे तर वादापलीकडचं आहे.

आधी अंतर बघू. कागद-पेन्सिल असेल तर माझ्याबरोबर मांडा. नांदेडचा अक्षांश १९ अंशांच्या थोडा वर, अमृतसरचा साडेएकतीस अंशांच्या थोडा वर. फरक साडेबारा अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे अमृतसर नांदेडच्या उत्तरेला १,३९० किलोमीटरच्या आसपास झालं. शिवाय ते नांदेडपेक्षा अडीच अंश पश्चिमेला आहे. त्या अक्षांशांवर अडीच अंशांचे सुमारे २५० किलोमीटर होतात. आता काटकोन त्रिकोण करा आणि कर्ण काढा. उत्तर १,४०० च्या थोडं वर येतं. दोन विमानतळांमधलं हवाई अंतर ते हेच. कुठल्याही कंपनीला विचारायची गरज नाही.

हे गणित परक्याकडून आलेलं नाही. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्यांच्या घराण्याची हकिकत सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवीला आहे. पृथ्वीचा परीघ कसा काढायचा, हे त्यांनी अगदी असंच सांगितलं आहे. दक्षिणोत्तर रेषेवरची दोन गावं घ्या, त्यांच्या अक्षांशांतला फरक घ्या, त्यांच्यामधलं अंतर योजनांत मोजा आणि त्रैराशिक मांडा. त्यांचं उत्तर ४,९६७ योजनं. आपण नांदेड-अमृतसर घेऊन उलट हिशेब केला, साडेबारा अंशांना १,३९० तर ३६० अंशांना किती, तर ४०,००० किलोमीटरच्या आसपास येतं. पृथ्वीचा परीघ तेवढाच आहे. विमानतळांमधलं अंतर सांगायचं तर आधी पृथ्वी गोल आहे हे मानावं लागतं आणि ती किती मोठी हे माहीत असावं लागतं. आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला ते साडेआठशे वर्षांपूर्वी माहीत होतं, विमान मात्र नव्हतं.

एक लहानशी गोष्ट जाता जाता. अडीच अंश पश्चिमेला म्हणजे सूर्य अमृतसरच्या डोक्यावर नांदेडनंतर दहा मिनिटांनी येतो. दर अंशाला चार मिनिटं. आपल्या दोघांच्या घड्याळात मात्र एकच वेळ असते, कारण १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ साऱ्या देशाची वेळ ठरवली गेली. मुंबई शहरानं आपली जुनी वेळ त्यानंतरही कित्येक वर्षं सोडली नाही, तो वेगळाच इतिहास. सांगायचं एवढंच की घड्याळातली वेळसुद्धा सूर्यानं दिलेली नाही, ती माणसांनी ठरवलेली आहे.

आता प्रवासाच्या वेळेकडे येऊ. चौदाशे किलोमीटर तेच ठेवू आणि त्यांवरून कोण कोण गेलं ते पाहू.

पहिले अर्थात नामदेव. परंपरेनं त्यांचा काळ १२७० ते १३५० मानला आहे. पायी चालणारा माणूस सरळ रेषेत जात नाही. नदीला उतार जिथं असेल तिथून जातो, घाट जिथं असेल तिथं चढतो. म्हणून चौदाशेचे सतराशे धरू. आपल्याकडे जुनी माणसं अंतर मजलेत मोजायची. दिवसभरात जेवढं चालून मुक्काम पडतो ती मजल. रोजची मजल आठ कोसांची, म्हणजे पंचवीस किलोमीटरची धरली, तर सव्वादोन महिने लागतील, तेही एक दिवस न थांबता. पण न थांबता कोण जातं? पावसाळ्यात नद्या अडवतात. वाटेत कीर्तन होतं, माणसं थांबवून घेतात. नामदेव पंजाबात वर्षानुवर्षं राहिले, परंपरा सुमारे वीस वर्षं म्हणते. ते त्या मातीत एवढे मुरले की १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात नामदेवांच्या पदांना जागा मिळाली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. आता मला सांगा, नर्सी ते घुमान या प्रवासाला किती वेळ लागला? सव्वादोन महिने म्हणायचं की वीस वर्षं? पायी प्रवासात वाट आणि मुक्काम वेगळे काढता येत नाहीत. वाटेवरचा काळ वाया जात नव्हता, तोच आयुष्याचा भाग होता.

दुसरा प्रवास उलट दिशेचा. औरंगजेब १७०७ च्या मार्चात मेला. त्याचा मुलगा बहादूरशहा गादीवर आला आणि भावाचं बंड मोडायला दक्षिणेकडे निघाला. गुरू गोविंदसिंग त्याच्याबरोबर होते. १७०७ च्या अखेरीला आग्र्याकडून निघालेला हा लवाजमा गोदावरीकाठी पोचायला १७०८ चा पावसाळा उजाडला. एकटा माणूस तीन महिन्यांत गेला असता. फौजेबरोबर तोफा, बैल, बाजारबुणगे असतात, ती आपल्या चालीनं चालते. नांदेडला गुरूंना माधोदास बैरागी भेटला, त्याचा बंदासिंग बहादूर झाला आणि गुरूंच्या आज्ञेवरून तो पंजाबकडे निघाला. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरूंनी नांदेडला देह ठेवला. त्याआधी त्यांनी ग्रंथसाहिबालाच गुरुपद दिलं. बंदासिंगानं समाना जिंकलं ते १७०९ च्या नोव्हेंबरात. नांदेडहून निघालेली आज्ञा पंजाबात प्रत्यक्षात यायला वर्षाहून जास्त काळ गेला. वाटेत माणसं जमवायची होती, पैसा उभा करायचा होता, मोगल अंमलदारांना चुकवायचं होतं. इथंही अंतर तेच चौदाशे. वेळ ठरवली ती राजकारणानं.

पुढे एक गोष्ट घडली आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. नांदेड निजामाच्या राज्यात, अमृतसर रणजितसिंगांच्या. मध्ये आणखी किती तरी राज्यं. तरीही १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी नांदेडला सचखंड हुजूरसाहिब बांधून घेतलं. पंजाबातून पैसा आला, कारागीर आले. शीख माणसं इथं स्थायिक झाली. आज ती आपल्यासारखीच दखनी बोलतात, मराठी बोलतात. नांदेड आणि अमृतसर ही दोन गावं चौदाशे किलोमीटर दूर असूनही एकमेकांच्या रोजच्या आठवणीत राहिली. इथून शंभर-दीडशे किलोमीटरवरची अशी कित्येक गावं असतील की ज्यांची आठवण आपल्याला वर्षानुवर्षं होत नाही.

मग आगगाडी आली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास पूर्ण झाली आणि नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद मनमाडला जोडले गेले. पण ही लाईन मीटरगेज होती. मनमाडला उतरायचं, बोचकी डोक्यावर घ्यायची, पूल ओलांडायचा आणि ब्रॉडगेजच्या गाडीत शिरायचं. पंजाबला जाणाऱ्या यात्रेकरूचं हे सुमारे नव्वद वर्षं चाललं. दोन रुळांमधली जागा दोन-सव्वादोन फुटांनी कमी, एवढ्यासाठी मराठवाडा देशापासून अर्धा दिवस दूर राहिला. १९९० च्या दशकात रुळ रुंद झाले. आपल्या हिंगोलीवरून जाणारी पूर्णा-अकोला लाईन रुंद व्हायला तर २००८ साल यावं लागलं. हिंगोली जागची हलली नव्हती. पण रुळ रुंद झाल्यावर ती उत्तरेच्या जवळ गेली.

आज सचखंड एक्सप्रेस नांदेडहून थेट अमृतसरला जाते. उत्तरेला जायचं म्हणून निघालेली ही गाडी आधी पश्चिमेला मनमाडपर्यंत जाते, मग भुसावळ, भोपाळ, दिल्ली. म्हणून हवाई १,४०० चे रुळावर २,००० हून जास्त होतात आणि दीड दिवसाच्या आसपास वेळ जातो. या गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर लंगरचं जेवण मिळतं हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. ज्यांनी अनुभवलं ते मला सांगतात की छत्तीस तास जड गेले नाहीत. घड्याळाचा वेळ आणि अंगावर पडणारा वेळ यांच्यातला फरक कळायला एवढी एक गाडी पुरे.

आणि आता विमान. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं नांदेडच्या विमानतळाचा विस्तार झाला. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतल्या पहिल्या विमानांपैकी एक नांदेड-हैदराबाद मार्गावर उडालं. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एअर इंडियाचं नांदेड-अमृतसर विमान सुरू झालं. हा मार्ग का सुरू झाला, याचा विचार करा. व्यापार म्हणावा तर असा मोठा नाही. नांदेड काही महानगर नाही. १७०८ साली नांदेडला जे घडलं, ते घडलं नसतं तर या दोन गावांना जोडणारं विमान कुणी उडवलं नसतं. विमान २०१७ चं असलं तरी मार्ग तीनशे वर्षांपूर्वीचा आहे. आणि नामदेव धरले तर सातशे वर्षांपूर्वीचा.

या विमानाला वेळ किती लागतो? अडीच तासांच्या आतबाहेर. आता सातवीचं गणित करून पाहा. मोठं जेट विमान वर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं. चौदाशे भागिले आठशे तीस, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. मग उरलेली पाऊण तासाची मिनिटं कुठं गेली? वेळापत्रकातला वेळ विमान जागचं हललं तिथपासून पुन्हा उभं राहिलं तिथपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, वर चढताना कमी असलेला वेग, उतरताना पुन्हा कमी केलेला वेग, नेमून दिलेल्या हवाई वाटेनं घेतलेली वळणं, वरती रांगेत थांबणं, हे सगळं त्यात येतं. त्यात वारा असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे फार जोराचा वारा वाहतो, कधी कधी ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा. मुंबईहून लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जायला लागतो त्यापेक्षा यायला कमी वेळ लागतो. नांदेड-अमृतसरला तो आडवा असल्यामुळे जाण्या-येण्यात फारसा फरक पडत नाही.

इथं एक प्रश्न तरुण मुलं नेहमी विचारतात. विज्ञान पुढं जाईल तसा हा वेळ आणखी कमी होईलच ना? उत्तरासाठी थोडं लांब जाऊ, मुंबई-लंडन आणि अमेरिकेकडे.

आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. ५८ दिवस. सुएझचा कालवा १८६९ सालीच झाला होता, म्हणून ५८. तो नसता तर आफ्रिकेला वळसा घालून महिनेच्या महिने गेले असते. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान, 'मलबार प्रिन्सेस', मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. प्रवासी ३५, वेळ साधारण एक दिवस. मे १९६० मध्ये एअर इंडियाची बोईंग ७०७ जेट विमानं लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. बोटीच्या प्रवासाशी तुलना केली तर ही केवढी उडी आहे बघा.

पण त्यानंतर काय झालं? १९६० चं ते बोईंग ताशी नऊशे किलोमीटरच्या घरात जायचं. आजची प्रवासी विमानंही तेवढ्याच वेगानं जातात, काही तर थोडी सावकाशच. आवाजापेक्षा जलद जाणारं कॉन्कॉर्ड १९७६ मध्ये प्रवासी घेऊन उडू लागलं आणि २००३ मध्ये ते कायमचं खाली बसलं. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांत सामान्य प्रवाशाच्या विमानाचा वेग वाढलेला नाही. तरीही मुंबई-लंडनचा वेळ नऊ-दहा तासांवर आला. तो आला मधले थांबे गेल्यामुळे. इंजिनं कमी इंधनात जास्त दूर जाऊ लागली आणि देशादेशांनी आपल्या आभाळातून जाऊ देण्याचे करार केले. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५००. ते आकडे आनंदीबाईंच्या वेळीही तेवढेच होते.

करारांनी कमी झालेला वेळ करार मोडला की वाढतो. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटनंतर पाकिस्ताननं आपलं आभाळ बंद केलं, ते जुलैपर्यंत. २०२५ च्या एप्रिलात भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला आणि प्रवास लांबला. दिल्ली जागची हलली नाही, लंडनही हललं नाही, विमानही बिघडलं नाही. तरी वेळ वाढला. विज्ञान पुढे गेलं म्हणजे वेळ कमी होणारच, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

याचं टोकाचं उदाहरण आपल्या मार्गाच्या त्या टोकालाच आहे. अमृतसरहून लाहोर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आसपास. १९४७ पूर्वी लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे. आज अटारीचं फाटक बंद असलं की अमृतसरच्या माणसाला लाहोर गाठायला आखातातल्या एखाद्या विमानतळावरून फिरून जावं लागेल, तेही परवाना मिळाला तर. म्हणजे हजारो किलोमीटर आणि पुष्कळ तास. त्याच गुरदासपूर जिल्ह्यात, घुमानपासून फार लांब नाही, डेरा बाबा नानक आहे. तिथून रावीपलीकडचं कर्तारपूर चार-पाच किलोमीटर. गुरू नानकांची अखेरची वर्षं जिथं गेली ते हे ठिकाण. सत्तर वर्षं लोक अलीकडे उभे राहून दुर्बिणीतून दर्शन घेत. ९ नोव्हेंबर २०१९ ला कॉरिडॉर उघडला आणि सत्तर वर्षांचं अंतर काही मिनिटांवर आलं. २०२५ च्या मे महिन्यात तो बंद झाला. आता पुन्हा चार किलोमीटर आणि वेळ मोजता न येणारी. नांदेडहून अमृतसर अडीच तास, आणि अमृतसरच्या शेजारचं कर्तारपूर त्याहून दूर. हे कुठल्या नकाशात दाखवणार?

इथं मला माझ्या विषयाकडे यायला हवं. आपल्या वैशेषिक दर्शनात गुणांच्या यादीत दोन गुण सांगितले आहेत, परत्व आणि अपरत्व. परत्व म्हणजे दूर असणं, अपरत्व म्हणजे जवळ असणं. वैशेषिकांनी त्यांचे दोन प्रकार केले. एक दिशेमुळे येणारं, म्हणजे हे गाव लांब, ते जवळ. दुसरं काळामुळे येणारं, म्हणजे हा वडील, तो धाकटा. आणि त्यांनी फार मार्मिक गोष्ट सांगितली की हे गुण नुसत्या वस्तूत पडून नसतात. ते उत्पन्न व्हायला अपेक्षाबुद्धी लागते. कुणीतरी इथं उभं राहून, कशाच्या तरी अपेक्षेनं ते दूर आहे असं जाणावं लागतं. जाणणारा नसेल तर पृथ्वीवर चौदाशे किलोमीटर असतील, पण दूर काही नसेल.

ही अपेक्षाबुद्धी प्रत्येकाची वेगळी. पंजाबातल्या म्हाताऱ्या शीख माणसाला नांदेड जवळ वाटतं. मुंबईतल्या एखाद्या साहेबाला तेच नांदेड लांब वाटतं, तिथं बदली झाली तर शिक्षा वाटते. धरणाच्या काठी राहणाऱ्यांना तर हे समजावून सांगायची गरजच नाही. धरण झालं, पाणी अडलं, की काल ज्या गावाला नदीच्या उतारातून हाक मारता येत होती, त्या गावाला आज वळसा घालून जावं लागतं. दोन गावांमधलं सरळ अंतर एका इंचानंही वाढत नाही. वाढते ती वाट. आणि ती वाट कुणीतरी कुठंतरी बसून काढलेल्या नकाशामुळे वाढते. त्या पाण्यानं खालच्या अंगाच्या शेकडो गावांची शेती भिजली हेही खरंच. पण वळसा कुणाच्या पायाला पडला आणि फायदा कुणाच्या शेताला झाला, हे दोन्ही सांगितलं तरच हिशेब पुरा होतो.

विमानाचा हिशेबही असाच पुरा केला पाहिजे. मोबाईल सांगतो की नांदेड ते अमृतसर अडीच तास. सिद्धेश्वरच्या माणसाचा प्रवास मात्र सिद्धेश्वरला सुरू होतो. घरातून औंढ्याला, औंढ्याहून वसमतवरून नांदेडला, विमानाच्या आधी दोन तास तिथं पोचायचं. एसटी वेळेवर मिळाली नाही तर मोटारसायकल, नाहीतर भाड्याची जीप. उतरल्यावर पुन्हा तेवढंच. शिवाय विमान रोज असेलच असं नाही. या मार्गावर दिवस बदलले, काही काळ सेवा थांबलीही. २५ मार्च २०२० ला तर साऱ्या देशाची विमानं दोन महिने जमिनीवर उभी होती. आठवड्यातून दोन दिवस विमान असेल, तर ज्या दिवशी ते नाही त्या दिवशी अमृतसर अडीच तासांवर नसतं, पाच दिवसांवर असतं. तसं पाहिलं तर दर्शनाला जाणाऱ्याचं काही बिघडत नाही. तो पुढच्या आठवड्यात जाईल. पण ज्याचा बाप दवाखान्यात आहे त्याचं काय?

आता मी जे बोलतो आहे ते फक्त अमृतसरचं नाही. आपल्या गावागावांतली लेकरं आज पुण्यात आहेत, हैदराबादला आहेत, दुबईला आहेत, काही अमेरिकेतही आहेत. घरात म्हातारी माणसं आहेत. रात्री फोन येतो आणि सगळा प्रश्न एका वाक्यावर येतो, पोचेल का? दुबईहून मुंबईला तीन तास, आणि मुंबईहून सिद्धेश्वरला रात्रभर. लेक तीन तासांत समुद्र ओलांडते आणि मग तेवढ्याच रस्त्यासाठी बारा तास घालवते. स्मशानात माणसं थांबलेली असतात, कुणीतरी घड्याळ बघत असतं. त्या वेळी किलोमीटर कुणी मोजत नाही. त्या बारा तासांना विज्ञान जबाबदार नाही. नऊशेच्या वेगानं जाणारं विमान १९६० पासून आहे. ते कुठं उतरावं, आठवड्यातून किती वेळा उतरावं, तिथून पुढे गाडी असावी की नसावी, हे ठरवणारी माणसं आहेत. आणि जे माणसं ठरवतात त्याबद्दल माणसांना विचारता येतं.

नांदेडला विमान आलं, कारण जगभरातल्या एका समाजाला नांदेड आपलं वाटलं आणि तो समाज बोलला. तीनशे वर्षं त्यानं या गावाला अंतर दिलं नाही. आपली भाषा इथं फार नेमकी आहे बघा. अंतर म्हणजे मैल, अंतर म्हणजे फरक, आणि अंतर म्हणजे मनाचा आतला भागही. 'अंतर देऊ नका' असं आपण म्हणतो तेव्हा किलोमीटर कमी करा असं म्हणत नसतो, सोडून जाऊ नका असं म्हणत असतो. नामदेव सातशे वर्षांपूर्वी पायी गेले आणि घुमाननं त्यांना अंतर दिलं नाही. २०१५ च्या एप्रिलात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा हजारो मराठी माणसं रेल्वेनं तिथं गेली आणि त्या गावानं त्यांना आपल्या घरात उतरवून घेतलं. ज्या गावानं मराठी कधी ऐकली नव्हती, त्या गावाला हे पाहुणे दूरचे वाटले नाहीत.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी मोबाईलवर ते दोन आकडे बघाल, तेव्हा पहिला निमूटपणे मान्य करा. तो पृथ्वीचा आहे, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. दुसरा आकडा मात्र तसाच गिळू नका. हा वेळ कुणी ठरवला, कुणासाठी ठरवला, आपल्या दारापासून तो किती होतो, आणि तो कमी करायचा तर कुणाला विचारायचं, हे प्रश्न विचारा. शाळेतल्या मुलांना नांदेड-अमृतसरचं भास्कराचार्यांचं त्रैराशिक करायला द्या, आणि त्याच वहीत सिद्धेश्वर ते नांदेड विमानतळ किती वेळ लागतो तेही मोजून लिहायला सांगा. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी राहू देत.

 आता काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.